एक रात्र कोंडून ठेवल्याने मुलगा सुधारत नाही

'मनोरुग्णालयात दाखल झालेली पंधरा-सोळा वर्षांची मुले हात उगारतात, कारण त्यांना धाक उरलेला नसतो. एक रात्र बांधून कोंडले की सुतासारखी सरळ होतात,' असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवरून फिरत आहे. त्याखाली आणखी तीन उपदेश आहेत: गोळ्या बंद करा, आईवडिलांना भेटू देऊ नका आणि असे मूल पुढे गुन्हेगारच होते हे ओळखून असा. माझ्या वहिनीचा मुलगा दोन आठवड्यांपासून दाखल आहे. तिने हा संदेश मला पाठवून विचारले, ''वन्सं, वॉर्डवर सांगू का, याला एक रात्र कोंडा म्हणून?'' किशोरवयीन मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढल्यावर हा प्रश्न आपल्याच घरातून यावा, याचा मला राग आला आणि तो मी लपवणार नाही.

कोंडण्याची सूचना मुळात बेकायदेशीर आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ९७ नुसार रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. शारीरिक बंधन वापरायचे तर रुग्णाला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसावा लागतो, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते आणि कारण, पद्धत व कालावधी यांची नोंद करावी लागते. शिक्षा म्हणून, जरब बसावी म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधण्यास तेच कलम स्पष्ट मनाई करते. साखळदंड तर कलम ९५ ने पूर्णपणे निषिद्ध आहेत. ते का, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या आश्रमाला लागलेल्या आगीत साखळ्यांमुळे पळू न शकलेल्या माणसांनी प्राण देऊन दाखवले आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय उलटाच पडतो. कोणीतरी आपल्याला मारायला येत आहे असे आवाज ज्या मुलाला ऐकू येतात, त्याच्यावर चार माणसे धावून गेली तर त्याचा भ्रम त्याच्या दृष्टीने सिद्धच होतो. वॉर्डातला राग बहुधा आभाळातून पडत नाही. घरचा फोन आलेला नसतो, जेवणाच्या रांगेत कोणी डिवचलेले असते, दात दुखत असतो. मूल येरझारा घालू लागते, मुठी आवळते, त्याचा आवाज चढतो. त्याच वेळी बाकीच्या मुलांना दूर न्यावे, एकाच व्यक्तीने किमान दोन हातांचे अंतर राखून, समोर न ठाकता थोडे बाजूला उभे राहून हळू बोलावे आणि मुलापुढे त्याला खरोखर निवडता येतील असे दोन पर्याय ठेवावेत. हे करूनही कधी कधी मुलाला धरावे लागते, हे मी नाकारत नाही. मीही धरले आहे. परंतु तेव्हा त्याला पालथे पाडत नाहीत, छातीवर भार देत नाहीत, आणि एक जण केवळ त्याच्या श्वासाकडे पाहत असतो.

हे सारे पुस्तकी आहे असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बालमनोरुग्ण विभागाचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. मुलाशी मिळून अडचण सोडवण्याची पद्धत तेथील कर्मचाऱ्यांना शिकवल्यावर, बांधून किंवा धरून ठेवण्याच्या घटना २००३ मधील २६३ वरून २००७ मध्ये ७ वर आल्या. तिथली मुले शाळकरी वयाची होती, आपला मुलगा मोठा आहे, हे मान्य. परंतु धाक वाढवून असा आकडा कोणी गाठलेला माझ्या पाहण्यात नाही.

गोळ्यांबाबत मात्र अर्धे सत्य आहे, आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. भ्रम आणि आक्रमकपणा कमी करण्यासाठी देतात त्या रिस्पेरिडोनने वजन वाढते, सुस्ती येते. त्याच गटातल्या हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शनने तरुण मुलांची मान आखडू शकते. काही औषधांनी अंगात अशी तगमग सुटते की मूल एका जागी बसू शकत नाही, आणि ती तगमग राग समजून कोणी डोस वाढवला तर ती आणखी वाढते. म्हणून हे डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलून घ्यायचे असते. आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या तर मूळ आजार उसळतो.

भेट बंद करण्याच्या सूचनेवर फार लिहिण्याची गरज नाही. अल्पवयीन रुग्णासोबत दाखल असेपर्यंत त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (म्हणजे कायदेशीर पालकाने, सहसा आईने किंवा वडिलांनी) किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने राहावे, असे त्याच कायद्याचे कलम ८७ सांगते. गुन्हेगारीचे भाकीत करणाऱ्याने ते कोणत्या पुराव्यावर केले, हे संदेशात कुठेही लिहिलेले नाही.

वहिनीला मी एवढेच सांगितले आहे की वॉर्डवर दोन गोष्टी विचार: त्याला बांधले असेल तर चोवीस तासांत आम्हाला कळवले का, कारण तसे कळवणे बंधनकारक आहे, आणि तो भडकला त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय घडले, हे कोणी लिहून ठेवले आहे का.