आगीची रंगीत तालीम

आमच्या टॉवेल कारखान्याला आग लागू शकते, हे मालकांना जानेवारीत आणि जुलैत आठवतं. महाराष्ट्राच्या 2006 च्या आगप्रतिबंधक कायद्याप्रमाणे याच दोन महिन्यांत परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू आहे असा दाखला. त्यातला जानेवारी सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत जातो, त्यामुळे आगीचं खरं टेन्शन जुलैचंच.

यंदा मालकांनी मे महिन्यातच फर्मावलं, “नुसता दाखला नको, आराखडा पायजे. तुम्ही शिकलेले आहात, लिहा.” मी बी.कॉम. आहे.

लिहिणं सोपं होतं. मेन स्विच कोण पाडणार, 101 ला फोन कोण लावणार, बाहेर माणसं कोण मोजणार. पण कामगारांना सुटकेची वाट माहीत हवी, सरावही हवा, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 38 पासून सांगितलेलं आहे. आली का तालीम!

आधी मागचं दार पाहिलं. त्याला टॉवेलचे गठ्ठे टेकवलेले. “तात्पुरते हायेत, साहेब.” मी नोकरीला लागलो तेव्हाही ते तात्पुरतेच होते. लाल सिलिंडरला कुणाची तरी डब्याची पिशवी लटकत होती. वर सगळीकडे कापसाचं तूस. ठिणगीला आणखी काय हवं?

गठ्ठे हलवले आणि सायरन वाजवला. मागांच्या खडखडाटात तो फक्त मला ऐकू आला. शेवटी ठरल्याप्रमाणे मेन स्विच पाडला. सगळे क्षणात शांतपणे उठले, डबे घेतले आणि रांगेनं बाहेर पडले. मी भारावलो. मागून एक मावशी म्हणाल्या, “लाइट कवा येणार म्हनं?”

जमायची जागा म्हणून हिरवी पाटी पटांगणात लावली होती. सोलापूरच्या मेमध्ये, भर दुपारी, पटांगणात! तिकडं कुणी बघितलंसुद्धा नाही; सगळे रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली, चहाच्या टपरीवर. हजेरीबुक ‘जळत्या’ ऑफिसात राहिलेलं, म्हणून डोकी तोंडीच मोजली. कामावर होते त्यापेक्षा जास्त भरली. टपरीवरची गिऱ्हाइकंही वाचली होती.

दुसऱ्या दिवशी मी आराखड्यात तीन दुरुस्त्या केल्या: सायरनबरोबर फिरता लाल दिवा, हजेरीबुक फाटकावर, आणि पाटी लिंबाखाली. मालकांनी न वाचता सही केली. वाचला फक्त टपरीवाल्यानं.

“मालक, पुढची आग कवा हाय? दूध जादा घेऊन ठेवतो.”