आत्याची गोळी, तुळस आणि स्टार्चचं ‘विष’

रविवारी आत्याकडे अशोक चौकात गेले, तर ओट्यावर एक स्टीलची वाटी झाकून ठेवलेली. आत पाणी आणि तळाला पांढरा साका. मला वाटलं, साबुदाणा भिजत घातलाय. निघाली तिची शुगरची गोळी.

“अगं, बघ की कशी फुगलालंय! प्लास्टिक हाय त्यात. मेसेज आलाय, तू वाचली नाहीस होय?”

वाचला. महिनाभरात माझ्या मेडिकलवर निदान दहाजणांनी मोबाइल पुढे धरलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोळ्यांमध्ये ‘केमिकल स्टार्च’ भरतात. तो प्लास्टिकसारखा फुगतो. तणनाशकाच्या ॲसिडपासून बनतो. आयोडीन टाकलं की काळानिळा पडतो. त्यानेच शुगर वाढते. युरोपने त्यावर बंदी घातली आहे. उपाय काय, तर गोळी चुरून रात्रभर भिजवा, वरचं पाणी प्या, खालचा स्टार्च फेका. आणि जमल्यास गोळी सोडून गुळवेल सत्त्व घ्या.

आत्या साका फेकत नव्हती. अन्न वाया कशाला, म्हणून तुळशीला घालत होती.

माझं डोकं फिरलं ते या भिजवण्यावर, म्हणून आधी तेच. आत्याच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, १ मिलिग्रॅम. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर, ते तळालाच बसणार. म्हणजे तीन आठवडे आत्या सकाळी उठून वरचं पाणी पीत होती आणि औषध तुळशीला जात होतं. उपाशीपोटीची शुगर १४० वरून २३८ वर गेली. त्यावर तिचं म्हणणं काय? “बघ, एवढा स्टार्च काढला तरी आधीचा अंगात हायच.” आता यावर काय बोलायचं? औषध फेकून दिल्याने वाढलेली शुगर हाच मेसेज खरा असल्याचा पुरावा!

शेजारच्या काकूंचं आणखी वेगळं. त्यांची गोळी दोन थरांची, एका थरात मेटफॉर्मिन हे शुगरचंच दुसरं औषध, तेही एसआर, म्हणजे तासन्‌तास हळूहळू सुटणारं. ती त्या खलबत्त्यात कुटत होत्या. एसआर गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. पाकिटावर ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर ती गोळी चावायची नाही, कुटायची नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आता फुगण्याचं. १ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे दहा-पंधरा कण. ते चिमटीत धरता येत नाही, म्हणून इतर पदार्थ घालून गोळी करावी लागते. यंत्रात ती इतकी घट्ट दाबतात की पोटात फुटायला तिला कुणीतरी आतून ढकलावं लागतं. ते काम या स्टार्चचं. त्याचं नाव सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, आणि ते बहुतेक वेळा बटाट्याच्या स्टार्चपासून करतात. साधा स्टार्च गार पाण्यात नीट फुगत नाही. सुती साडीला खळ करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, उकळल्याशिवाय खळ होते का? पोटात तर काही उकळत नाही. म्हणून स्टार्चच्या साखळ्यांना जागोजागी कार्बॉक्सिमिथाइल नावाच्या रासायनिक गटाच्या शेंड्या लावतात, म्हणजे गार पाणीही झटकन आत शिरतं. शिवाय साखळ्यांना अधूनमधून एकमेकींशी टाका घालतात. तो नसेल तर सगळ्याची चिकट खळ होईल आणि गोळी फुटायच्या ऐवजी आणखी चिकटून बसेल. टाका घातलेला कण नुसता फुगतो, विरत नाही, आणि गोळीला आतून फोडतो. भारतीय औषधकोशाप्रमाणे, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमांप्रमाणे, साधी, आवरण नसलेली गोळी ३७ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटांच्या आत फुटायलाच हवी. म्हणजे वाटीत गोळी फुगली नसती तर मी काळजी केली असती.

तणनाशकाचं ॲसिड? त्या शेंड्या लावायला वापरतात ते मोनोक्लोरोॲसिटिक ॲसिड घातक आहे आणि तणनाशकांच्या कारखान्यातही लागतं, हे खरं. पण स्टार्चशी त्याची प्रक्रिया झाली की ते ॲसिड म्हणून उरत नाही. बाजूला मीठ आणि थोडं ग्लायकोलेट तयार होतं, तेही धुऊन काढतात, आणि किती उरलं तर चालेल याची मर्यादा औषधकोशात ठरलेली असते. कॉस्टिक सोडा हातावर पडला तर कातडी जळते, त्याच्याच साबणाने आपण अंघोळ करतो.

शुगर वाढण्याचं तर गणितच करा. गोळी साधारण १७० मिलिग्रॅमची, त्यात हा स्टार्च ४ टक्के धरला तर ७ मिलिग्रॅम. एका ज्वारीच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास स्टार्च. तेवढा गोळ्यांतून पोटात जायला पाच हजार गोळ्या गिळाव्या लागतील. आत्या रात्री दोन भाकरी खाते, शेंगाचटणीबरोबर, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आता युरोपची बंदी. इथे मला नाइलाजाने अर्धी मान डोलवावी लागते. हायड्रॉक्सिएथिल स्टार्च नावाचा दुसराच एक बदललेला स्टार्च आहे. तो गोळीत नसतो, सलाइनसारखा शिरेतून देतात, रक्ताचं आकारमान टिकवायला. २०१२ साली उत्तर युरोपातल्या देशांत गंभीर सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, ७९८ रुग्णांवर झालेली ‘सिक्स-एस’ चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. हा स्टार्च दिलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले, रिंगर ॲसिटेट नावाचं साधं सलाइन दिलेल्यांपैकी ४३ टक्के. मूत्रपिंडाचं काम यंत्राने करावं लागलं ते अनुक्रमे २२ आणि १६ टक्क्यांचं. युरोपने आधी निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये त्याची परवानगी स्थगित केली. अंगातल्या अमायलेजला, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमला, तो चटकन तोडता येत नाही, म्हणून तो रक्तात टिकतो, मूत्रपिंडातही साठतो. तेव्हा ‘स्टार्चमध्ये बदल केला की तो निर्धोकच’ असं मी म्हणणार नाही. पण शिरेतून अर्धा-अर्धा लिटर आणि तोंडातून ७ मिलिग्रॅम यांत फरक करायचा नसेल, तर विहिरीत माणसं बुडतात म्हणून तांब्यावर बंदी घाला.

उरलं आयोडीन. दुकानातून पोव्हिडोन आयोडीनची बाटली घेऊनच गेले होते. बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकला, काळानिळा. शिळ्या भातावर टाकला, तेच. मग आत्याचा तो गुळवेल सत्त्वाचा डबा मागितला. गुळवेलीची कांडं कुटून पाण्यात भिजवतात, तळाला पांढरा साका बसतो, वरचं पाणी ओतून तो साका वाळवतात. तेच सत्त्व. चिमूटभर बशीत घेऊन त्यावर थेंब सोडला.

बशी शाई सांडल्यासारखी झाली.

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे इथे खालचं ठेवायचं नि वरचं फेकायचं?”