आंधळ्याच्या झोपडीतली भाषा

घरच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. मराठी येत नाही म्हणून चार जण एका दुकानदाराला दरडावत होते. खाली काकांनी लिहिलं, 'अशीच अद्दल घडायला हवी.'

मराठीचा आग्रह मलाही मनापासून पटतो. माझी मुलगी मला इंग्रजीत उत्तर देते तेव्हा पोटात तुटतं. पण मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो, आणि इथले जुने भयपट मला काही वेगळंच सांगतात.

१९३१ साली युनिव्हर्सल स्टुडिओने 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' काढले. ते घडवणारे बरेचसे बाहेरून आलेले. मालक कार्ल लेमली जर्मनीतल्या लाउपहाइमचा. हिटलरच्या काळात त्याने तिथल्या कित्येक ज्यूंना अमेरिकेत येण्यासाठी हमीपत्रं दिली. 'फ्रँकेनस्टाइन'मधल्या राक्षसाचा चेहरा रंगवणारा जॅक पियर्स मूळचा ग्रीसचा. बेला लुगोसी हंगेरियन. त्याच्या उच्चारांनी ड्रॅक्युलाला कायमचा आवाज दिला, आणि त्याच उच्चारांपायी त्याला वेगळ्या भूमिका मिळेनात. राक्षस झालेला बोरिस कार्लोफ लंडनचा, खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याच्या घराण्यात भारतीय रक्त होतं.

'फ्रँकेनस्टाइन'च्या त्या पहिल्या चित्रपटात राक्षसाला भाषाच नाही. गाव मशाली घेऊन त्याच्या मागे लागतं. १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन'मध्ये तो जखमी होऊन रानातल्या एका झोपडीत शिरतो. आत एकटा म्हातारा व्हायोलिन वाजवत असतो. आंधळा असल्यामुळे त्याला समोरच्याचं रूप दिसत नाही. तो त्याला जेवू घालतो, आणि खाता खाता राक्षस 'भाकर', 'मित्र', 'चांगलं' असे शब्द शिकतो. पुढे दोन डोळस शिकारी येतात आणि थोड्याच वेळात झोपडी पेटते. हा प्रसंग मी कितीदा तरी पाहिलाय, दर वेळी घसा दाटतो.

मी इथे आलो तेव्हा माझं शाळेतलं इंग्रजी फोनवर कुणाला कळायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी मला वर्षभर दर रविवारी चहाला बोलावलं. मी चुकलो की त्या तोच शब्द सावकाश पुन्हा म्हणायच्या. एकदाही हसल्या नाहीत.

काकांना मी झोपडीचा प्रसंग पाठवलाय. सोबत लिहिलं, 'तुमच्या कोपऱ्यावरच्या दूधवाल्यालाही मराठी येत नाही ना? सकाळी पिशवी घेताना त्याला एकेक शब्द शिकवा. उद्या 'सुट्टे' शिकवा, परवा 'उधारी'.'