नर्तिका कुठल्या दिशेला फिरते, यावरून स्वभाव कळत नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर ती गरगर फिरणारी काळी नर्तिका पुन्हा आली. खालचा मजकूर नेहमीचाच: घड्याळाच्या काट्यांसारखी फिरताना दिसली तर तुमचा उजवा मेंदू प्रबळ, म्हणजे तुम्ही कलावंत, उलटी दिसली तर डावा, म्हणजे हिशेबी. माझ्या नववीतल्या भाचीला उलटी दिसली. "मामा, मग मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसू की नको?" तिनं खरंच विचारलं, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे, ही मेंदूची चाचणी नाहीच. नोबुयुकी कायाहारा या जपानी वेब डिझायनरने २००३ मध्ये केलेलं हे ॲनिमेशन आहे.

मग दिशा कोण ठरवतं? चित्र नीट बघा. अख्खी आकृती काळी. नाक नाही, डोळे नाहीत, अंगावर उजेड-सावली नाही. उचललेला पाय आपल्याकडे येतोय की पलीकडे जातोय, हे सांगणारी एकही खूण नाही. पडद्यावर असतो तो डावी-उजवीकडे सरकणारा सपाट डाग. त्याला खोली देतो आपला मेंदू. दोन्ही अर्थ सारखेच बसतात, पण एका वेळी एकच दिसतो. रेघांनी काढलेला घन बघता बघता उलटतो, हे स्वित्झर्लंडच्या नेकर या शास्त्रज्ञाने १८३२ मध्येच नोंदवलं होतं.

बऱ्याच जणांना ती काट्यांच्या दिशेनेच दिसते, हे मात्र खरं. ट्रोये आणि मॅकॅडम या संशोधकांनी २०१० मध्ये त्याचं कारण दाखवलं: आपण वस्तूकडे किंचित वरून पाहतोय, असं मेंदू धरून चालतो, आणि या चित्रात तसं धरलं की दिशा काट्यांची होते. कलेचा इथे संबंध येत नाही.

डाव्या-उजव्या भागांची कामं काही बाबतींत वेगळी असतात. बहुतेकांची भाषा डावीकडे असते. पण माणसंच 'डावी' किंवा 'उजवी' असतात का? युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजाराहून अधिक मेंदूंचे स्कॅन तपासले, तशी माणसं सापडली नाहीत. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

"दोन्हीकडे फिरवता आली तर बुद्ध्यांक १६० च्या वर," असंही पुढे जोडलेलं असतं. भाचीला म्हटलं, टेकलेला पाय सोडून सगळं हाताने झाक आणि तिथेच बघत राहा. तिसऱ्या प्रयत्नात ती ओरडली, "फिरली!" हात काढला तरी काट्यांच्याच दिशेने. जेवायला बसेपर्यंत पुन्हा उलटी.

इंटरमिजिएटला ती बसतेय.