आस्था आहे, त्राण उरत नाही

मराठी विकिपीडियावर नवे संपादक टिकत नाहीत कारण तरुणांना भाषेची आस्था नाही, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. बदलापूरहून लोकलने रोज ये-जा करणारी मुलगी रात्री नऊला घरी टेकते. त्यानंतर तिने संदर्भ धुंडाळून लेख लिहावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

मी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मुक्त ग्रंथालयात, मुद्रितशोधन करते. तिथे स्कॅन केलेलं जुनं पुस्तक एकेक पान समोर येतं. स्कॅनवरून अक्षरं ओळखताना यंत्राने 'ध'चा 'घ' केलेला असतो, 'भ'चा 'म', रफार तर हमखास उडालेला. तेवढं सुधारून जतन केलं की पान लालचं पिवळं होतं, म्हणजे एकदा तपासलेलं, आणि दुसऱ्या कुणी तपासलं की हिरवं. पहिल्याच माणसाला ते हिरवं करता येत नाही. दमलेल्या माणसालाही एखादं पान झेपतं, आणि महिनाभर फिरकलं नाही तरी काही बिघडत नाही. पुढचा तिथूनच उचलतो. कामाचे असे लहान तुकडे विकिपीडियावरही पाडता येतील.

खरी दमछाक प्रचालकांची, म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकांची होते. कुणी मुद्दाम केलेली मोडतोड उलटवा, वाद मिटवा, नव्यांना उत्तरं द्या, सगळं त्याच चार-पाच जणांवर. त्यांना उघडपणे रजा घेता आली पाहिजे. मार्चअखेरीस बँकवाल्यांना आणि परीक्षांच्या दिवसांत शिक्षकांना कुणी 'कुठे आहात?' विचारू नये. आणि २७ फेब्रुवारीच्या कार्यशाळेत खातं उघडणाऱ्यांना एप्रिलमध्ये कुणीतरी आपणहून निरोप पाठवावा. ते काम मी आनंदाने करेन.