लायसन कुठपर्यंत?

माणसाला घर असावं, पण घराखालून काही जात नसावं, या मताला मी हल्ली आलो आहे. माझ्या घराखालून दोन लाइनी जातात. एकीतून पाणी येतं, आणि दुसरीतून जे जातं त्याला चारचौघांत ड्रेनेज म्हणतात. दोघींनी एकाच महिन्यात मान टाकली.

आमचा नेहमीचा प्लंबर आला. त्यानं ओल्या जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, माझं काम भिंतीच्या आत. बाहेर लायसनवाला लागेल."

लायसनवाला आणला. हा पाण्याचा निघाला. मीटरपासून घरापर्यंत तो राजा. ड्रेनेजचं झाकण उचलायला सांगितलं तर ब्रह्महत्येचं पातक लागेल असा चेहरा केला. ड्रेनेजवाला वेगळा. त्याची हद्द आमच्या शेवटच्या चेंबरला संपते. पुढे रस्ता, आणि रस्ता फोडायचा तर खोदाईची परवानगी, विमा आणि अनामत भरलेला तिसराच कंत्राटदार. पाइप कुठे फुटला होता हे सांगायला नकोच. कुंपणाच्या बरोबर खाली. अर्धा याचा, अर्धा त्याचा.

चिडून मी नियम वाचायला घेतले, भांडायला मुद्दे मिळावेत म्हणून. मुद्दे मिळाले, पण सगळे त्यांच्या बाजूचे. पाणी दाबानं येतं, ते चढावरही चढतं. सांडपाण्याच्या मागे असा कुणी ढकलणारा नसतो, त्याची सगळी भिस्त ढाळावर. चार इंची पाइपला साधारण फुटामागे पाव इंच. तो चुकला की मैला वाटेतच मुक्काम करतो. शिवाय पुरवठा बंद झाला की पाण्याच्या लाइनीतला दाब पडतो, आणि तडा गेलेला पाइप बाहेरचं आत ओढून घेऊ शकतो. म्हणून पाण्याची लाइन वर, ड्रेनेजची खाली, आणि दोघींत चांगलं अंतर. 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला आलेले पाहुणे ज्या दोन हॉटेलांत उतरले होते, तिथल्या सदोष जोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमीबिक आवेची साथ आली आणि 98 माणसं गेली. एवढं वाचल्यावर भांडणातला दम गेला. राग मात्र तसाच राहिला, तो कुठे ठेवायचा हे कुठल्याच नियमात नव्हतं.

काम सुरू झालं. ज्याच्या नावावर लायसन, ते गृहस्थ शेवटपर्यंत दिसले नाहीत. त्यांची लॅमिनेट केलेली झेरॉक्स मात्र रोज वेळेवर यायची. फोटोत ते फार कर्तबगार दिसत. प्रत्यक्षात चरात उतरायचा तो मिस्त्री, आणि त्याच्याकडे कागद कुठलाच नव्हता. पण हात काय होता! पारदर्शक नळीत पाणी भरून त्यानं एक टोक पोऱ्याच्या हातात दिलं. मग नळीतला एक चुकार बुडबुडा बोटानं टिचक्या मारत, गोंजारत वर आणला. तो फुटेपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही. "बुडबुडा राहिला की लेव्हल खोटं बोलते," एवढंच म्हणाला, आणि खुणेची रेघ मारली.

आता माती लोटायची, एवढ्यात मुकादम आडवा आला. तपासणीआधी चर बुजवायचा नाही. हाही नियम रास्तच, पुरलेला पाइप कोण तपासणार? पण साहेब येईपर्यंत आम्ही घरात फळीवरून जात-येत होतो. शेजारचे काका रोज सकाळी काठावर उभे राहून आत बघायचे आणि "ढाळ उलटा वाटतो" म्हणून निघून जायचे.

शेवटी साहेब आले.

"लायसनधारक कुठायत?"

मुकादमानं झेरॉक्स पुढे केली. साहेबांनी फोटोकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं आणि मुदत तपासली. मग वरच्या चेंबरात बादली ओतायला लावली. आम्ही सगळे खालच्या चेंबरावर ओणवे झालो. पाणी खळखळत आलं, काका जरा हिरमुसले, आणि साहेबांनी सही ठोकली.

"आता बुजवा."

माती पडली. धुम्मस फिरला. खोदाईवाला कंत्राटदार हत्यारं गोळा करून टेम्पोत टाकू लागला.

"अहो, आणि वरचं डांबर?"

"आमचं लायसन फोडायचं आहे, साहेब," तो म्हणाला. "डांबराचं वेगळं असतं."