गाडी किती देते?

आमच्या भागात पोराला पगार किती, हे विचारताना माणूस जरा तरी कचरतो. पण पिकअप लिटरला किती किलोमीटर देते हे कुणीही, चालत्या गाडीला हात करून विचारतं. उत्तर ठरलेलं: पंधरा. मालक जरा मिजासखोर असला तर सोळा. गाडी कितीही जुनी असो, मागे टमाट्याची शंभर कॅरेट असोत (म्हणजे दोन टन, आरटीओने ऐकू नये) आणि समोर माळशेज घाट असो, पंधरा म्हणजे पंधरा. मोजलं कुणी, हे विचारायची पद्धत नाही.

मी मोजलं. टाकी तोंडोतोंड भरायची, नारायणगावहून वाशी मार्केटला जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा तोंडोतोंड भरायची आणि भागाकार करायचा. किलोमीटरच्या काट्याची केबल आधीच्या मालकाच्या हयातीतच तुटलेली, म्हणून अंतर मोबाइलवर धरलं. पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू का?" म्हणत नळीला झटके देत होता आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. एवढ्या शास्त्रीय वातावरणात उत्तर आलं, साडेनऊ.

बातमी फुटली आणि उपाय सुरू झाले. मेव्हण्याने डिझेलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक आणलं. "दाजी, यानं डिझेलचे कण सरळ होतात." ते वाकडे कधी झाले होते, हे मात्र पाकिटावर नव्हतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अमेरिकेत चाकणचं ट्रॅफिक आहे का?" मी गप्प बसलो. चुंबक बसलं.

नानांचा उपाय जुना: उतारावर न्यूट्रल. आता गियरमध्ये राहून पाय उचलला, तर उताराला चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिनाचा पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत राहण्यापुरतं पीतच राहतं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच. हे नानांना समजावलं तर म्हणाले, "मग इंजिनच बंद करायचं!" खंडाळ्याच्या घाटात इंजिन बंद केलं की ब्रेकला जोर देणारा बूस्टरही जातो. मग डिझेलच काय, पुढचे सगळेच खर्च वाचतात.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला, तर अर्ध्या जुन्नर तालुक्याची माती बाहेर आली. त्या फिल्टरने गाडी पळवणं म्हणजे नाक दाबून माणसाला शिवनेरी चढायला लावण्यासारखं. काळा धूर येतो तो यामुळेही: हवा कमी, डिझेल अर्धवट जळालेलं, पैसे सायलेन्सरवाटे.

मग मी तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा खालून हलतच नव्हता. मिस्त्री खूश होऊन म्हणाला, "बघा, इंजिन कसं गार आहे!"

"थर्मोस्टॅट?"

"तो व्हॉल्व्ह ना? काढलाय. सगळ्यांचाच काढतो. गाडी गरम होत नाही."

इंजिनने गरम व्हायचंच असतं, आणि पाणी साधारण ऐंशी अंशांपर्यंत तापेस्तोवर रेडिएटरकडचा रस्ता अडवून धरायला तो व्हॉल्व्ह असतो, हे ऐकून त्याने माझ्याकडे मेव्हणा बघतो तसंच बघितलं. नारायणगावच्या थंडीत पहाटे निघालेली गाडी राजगुरुनगर गेलं तरी गारच आणि गार इंजिन जास्त पितं. नवा व्हॉल्व्ह आठवड्याभराच्या डिझेलपेक्षा स्वस्त निघाला.

पण खरा चोर मागच्या डाव्या चाकात होता. मिस्त्रीने बाटलीतलं पाणी चारही चाकांच्या मधोमध शिंपडलं. तीन ठिकाणी पाणी ओघळलं, चौथ्यावर चर्र झालं. जॅक लावून ते चाक हाताने फिरवलं, तर पाव फेरा फिरून थांबलं. ब्रेक धरून बसला होता. म्हणजे मी वाशीपर्यंत टमाटे नेत होतो आणि एक चाक त्यांना घरी ओढत होतं. हवेचंही तसंच. आमचा पंक्चरवाला टायरला लाथ मारून "भरपूर आहे" सांगतो. गेज लावला तेव्हा चारही टायर कमी निघाले.

राहिला माझा पाय. ऐंशीऐवजी साठने गेलं, तर समोरच्या हवेचा दाब जवळपास निम्म्यावर येतो. फक्त झोपेतून तासभर आधी उठावं लागतं आणि उसाचा ट्रॅक्टरसुद्धा आपल्याला हॉर्न देतो.

आता पिकअप बारा देते. मोजून. पारावर अभिमानाने सांगितलं, तर सगळ्यांचे चेहरे पडले. एकाने खांद्यावर हात ठेवून इंजिनकाम करून घ्यायला सांगितलं, दुसरा "गिऱ्हाईक आहे" म्हणाला. मेव्हणा तेवढा आनंदात होता. "साडेनऊवरून बारा! दाजी, आता दुसरं चुंबक लावू, मग पंधरा नक्की."